घरातला बारावा खेळाडू



क्रिकेटचा मोसम ऐन भरात आला, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे गृहस्थ असतात. रक्तदाब मोजून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी हातात पडलेली असते. उठता उठता ते हलक्या आवाजात म्हणतात, "डॉक्टर, सामना पाहिला तर चालेल ना? घरचे पाहू देत नाहीत." वर्षभरापूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी अलीकडेच हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. "शेवटची षटके आली, की मी यांना अंगणात पाठवते," त्या म्हणाल्या, "आणि हे अंगणात उभे राहून शेजाऱ्यांच्या खिडकीतून पाहतात!"

मी हसले आणि "पाहा, खुशाल पाहा," असे सांगितले. मात्र या 'खुशाल'ला काही अटी आहेत, आणि त्या अटींमागे माझ्या स्वतःच्या घरातील एक गोष्ट आहे. ती चिठ्ठीवर मावत नाही, म्हणून आज येथे सांगते.

माझे बालपण साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले. आमचे घर क्रिकेटवेडे होते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते कचेरीत लेखनिक होते. देवापुढच्या समईची जेवढ्या निष्ठेने घ्यावी तेवढ्या निष्ठेने ते ट्रान्झिस्टरची काळजी घेत. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन कानी पडले, की आजीसुद्धा जपमाळ थांबवून "कोण बाद झाला रे?" असे विचारी. 'एकच षटकार'चा अंक हाती आला, की तो आधी कोणी वाचायचा यावरून दादाचे आणि माझे भांडण ठरलेले. मी मुलगी, आळीतील मुलांच्या खेळात मला फलंदाजी कधी मिळाली नाही. गटारात गेलेला चेंडू काढून देणे एवढाच माझा वाटा. परंतु धावफलक लिहिण्यात माझा हात धरणारे आळीत कोणी नव्हते. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर रेघा आखून, रेडिओला कान लावून, मी आख्ख्या कसोटी सामन्याचा हिशेब मांडत असे.

२५ जून १९८३ च्या रात्री लॉर्ड्सवर आपला संघ १८३ धावांत गारद झाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता झोपा." पण जागचे कोणीच हलले नाही. पुढे रिचर्ड्सचा तो झेल कपिलदेवने मागे धावत जाऊन घेतला, वेस्ट इंडीजचा डाव १४० वर आटोपला आणि ४३ धावांनी विश्वचषक आपला झाला. त्या रात्री अण्णा आरामखुर्चीत होते, दादा खिडकीच्या कट्ट्यावर आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये, असे आजी एरवी रोज बजावी. त्या रात्रीनंतर तिनेच मला परवानगी दिली. "सामना असेल तेव्हा बस हो," ती म्हणाली, "तुझी जागा लाभली."

येथून आमच्या घरी एक अलिखित नियम रूढ झाला. आपली फलंदाजी रंगात आली असेल, तर ज्याने त्याने आपापल्या जागी बसून राहायचे. तहान लागो, दारावर कोणी येवो, चुलीवरचे दूध उतू जावो, उठायचे नाही. कोणी उठले आणि गडी बाद झाला, तर त्याचे खापर उठणाऱ्यावर फुटे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा नियम असेल, याची मला खात्री आहे. कोणाचा ठरावीक सदरा असतो, कोणाची ठरावीक खुर्ची, आणि कोणी आपल्या पाहण्याने गडी बाद होतो म्हणून पाठ फिरवून बसतो. माणूस ज्याच्यावर जीव लावतो, त्याच्यासाठी आपणही काही करीत आहोत, असे त्याला वाटावे लागते. मैदानापासून शेकडो मैल दूर बसलेल्या आमच्यासारख्यांना करता येण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे न हलणे.

१७ मार्च १९८७. माझ्या दहावीच्या परीक्षेचे दिवस होते; त्या दिवशी पेपर नव्हता. अण्णांनी किरकोळ रजा टाकली होती. एव्हाना घरात लहानसा कृष्णधवल दूरदर्शन संच आला होता. बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्धची कसोटी. जिंकण्यासाठी २२१ धावा हव्या होत्या, आणि खेळपट्टी अशी, की इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांचे चेंडू हातभर वळत होते. एका टोकाला गडी बाद होत होते आणि दुसऱ्या टोकाला सुनील गावसकर उभे होते. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. इतक्या कठीण खेळपट्टीवर इतकी शांत फलंदाजी मी नंतर क्वचितच पाहिली.

मी उंबऱ्यावर होते. तेथून मला संच दिसत असे आणि अण्णांच्या आरामखुर्चीची पाठ. गावसकर ऐंशीच्या घरात असताना अण्णा म्हणाले, "बाळ, जरा पाणी आण."

मी म्हणाले, "अण्णा, एवढे षटक संपू दे."

ते षटक संपले. मग वाटले, पुढचेही निभावून जाऊ दे. अण्णांनी पुन्हा मागितले नाही. तेही त्याच नियमाचे उपासक होते. किती षटके गेली, ते मला ठाऊक नाही. त्या दिवशीच्या माझ्या धावफलकात ती नोंद नाही. गावसकर ९६ वर झेलबाद झाले. दादाने कपाळावर हात मारून घेतला. आता जागा सोडायला हरकत नव्हती. मी उठले, माठातले पाणी घेतले, खुर्चीला वळसा घालून पुढे आले, आणि तेव्हा मला अण्णांचा चेहरा दिसला. तो राखेसारखा झाला होता. सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि उजव्या हाताची मूठ छातीवर आवळलेली होती. "पित्त झालंय," ते म्हणाले.

शेजाऱ्यांच्या रिक्षातून त्यांना रुग्णालयात नेले. हृदयविकाराचा झटका होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शेवटी कितीने गेलो?" मी म्हणाले, "सोळा."

अण्णा त्यातून वाचले आणि पुढे अकरा वर्षे जगले. परंतु हृदयाच्या स्नायूचा बराच भाग कायमचा निकामी झाला होता. दर रविवारी अजिंक्यतारा चढणारा माणूस माडीचा जिनाही थांबत थांबत चढू लागला. मी डॉक्टर व्हायचे ठरवले, त्याचे कारण त्या जिन्यावर आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात हृदयविकाराचा पाठ झाला, त्या सुट्टीत मी धीर करून अण्णांना त्या पाण्याविषयी सांगितले. ते हसले. "तू आणले असतेस तरी मी प्यालो नसतो," ते म्हणाले. "सुनील खेळत होता." त्यांनी मला असे मोकळे केले. पण मी डॉक्टर आहे, आणि मला ठाऊक आहे की पेलाभर पाण्याने हृदयविकार बरा होत नसतो. प्रश्न पाण्याचा नव्हताच. मी पाणी आणायला उठले असते, तर मला त्यांचा चेहरा पाऊण तास आधी दिसला असता. त्या काळच्या उपचारांनी त्या पाऊण तासाचे काय केले असते, हे मी सांगू शकत नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधे तेव्हा नुकतीच प्रचारात येत होती. आज मात्र त्या पाऊण तासाचे काय होते, ते मी निश्चितपणे सांगू शकते.

ते समजण्यासाठी आपण थोडे शरीरात डोकावू. सामना अटीतटीचा झाला, की खेळत असतो कोणी दुसरा. पण शरीराला तो फरक कळत नाही. मेंदूला संकटाचा इशारा मिळतो, अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, नाडी वेगाने धावते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी हृदय हे सहज पेलते. किंबहुना थोडी उत्कंठा हा जगण्याचा आनंदच आहे. परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे थर साचलेले असतील, तर या वाढलेल्या दाबाने एखाद्या थराला चीर पडू शकते. शरीर ती जखम समजून तेथे रक्ताची गुठळी बांधू लागते. त्या गुठळीने वाहिनी बंद झाली, की पुढच्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. तो स्नायू एका क्षणात मरत नाही. मिनिटामिनिटाने मरत जातो. म्हणूनच लवकर पोहोचलेल्या रुग्णाचा बराच स्नायू आपण आज अँजिओप्लास्टीने अथवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने वाचवू शकतो. उशिरा आलेल्याचा वाचवू शकत नाही.

खेळ पाहण्याचा आणि हृदयाचा हा संबंध केवळ माझ्या घरापुरता नाही. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक व आसपासच्या भागातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. तो २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे, त्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण एरवीच्या अडीच पटींहून अधिक आढळले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा जास्त होते, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. फुटबॉलचा सामना दीड-दोन तासांत संपतो. आपला एकदिवसीय सामना जवळजवळ आठ तास चालतो, आणि त्या आठ तासांत आपण केवळ उत्कंठाच सोसतो असे नाही. एका जागी बसून राहतो, वेफर आणि फरसाणातून मीठ पोटात घालतो, कोणी सिगारेटमागून सिगारेट ओढतो, कोणी मद्याचा पेला भरतो. रात्रीची रक्तदाबाची गोळी विसरली जाते आणि झोप अर्धी होते. सामन्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या अवतीभवती आपण जो मांड मांडतो, त्याचाही वाटा मोठा असतो.

तथापि माझ्या अनुभवात सर्वांत घातक ठरते ते एक वाक्य. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे चालत आले. त्यांना मधुमेह होता. आदल्या संध्याकाळपासून छातीत जड वाटत होते आणि जबडा ठणकत होता. मी इसीजी काढला आणि कागद हाती येताच रुग्णवाहिका बोलावली. "अहो, काल का नाही आलात?" असे मी विचारले, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "म्हटले, सामना संपू दे." मला माझ्याच तोंडचे शब्द ऐकू आले. 'एवढे षटक संपू दे.'

आता अटी सांगते. क्रिकेटकडूनच त्या शिकण्यासारख्या आहेत. कितीही रंगलेला सामना असो, मैदानावर ठरावीक वेळाने ड्रिंक्स ब्रेक होतो. शतकाच्या उंबरठ्यावरचा फलंदाजही थांबतो, शिरस्त्राण काढतो, पाणी पितो. पाणी घेऊन येतो तो बारावा खेळाडू. त्याचे नाव धावफलकात नसते, पण त्याच्यावाचून अकरांचे चालत नाही. माझी विनंती अशी, की सामन्याच्या दिवशी आपापल्या घरी असा एक बारावा खेळाडू नेमावा. मुले हे काम फार आवडीने करतात.

मैदानावर ड्रिंक्स आली, की घरातल्या बाराव्या खेळाडूने उठायचे आणि सर्वांना पाणी द्यायचे. त्या निमित्ताने सर्वांनी उभे राहून घरातल्या घरात चार पावले टाकायची. ज्यांच्या गोळ्यांची वेळ झाली असेल, त्यांच्या हातावर गोळ्या ठेवायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाणी देताना प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहायचे. पाठीमागून नव्हे, समोरून.

मधुमेही व्यक्तींकडे विशेष लक्ष असावे. इन्सुलिन अथवा साखर उतरवणारी गोळी वेळेवर घेतली आणि जेवण मात्र 'डाव संपल्यावर' म्हणून लांबवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, चिडचिड होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि अखेरच्या षटकांत घरातल्या सर्वांचीच अवस्था तशी असते! त्यामुळे ती सामन्याच्या भरात लपून जातात. शंका आली तर ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ते नसेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्यावे. जेवण मात्र वेळेवरच झाले पाहिजे. सामन्याचे वेळापत्रक जेवणाला लावू नये.

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे अथवा जळजळल्यासारखे वाटणे. ते दुखणे हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात उतरणे. थंड घाम, धाप, मळमळ, घेरी यांतले काहीही काही मिनिटांत ओसरले नाही, तर त्याला 'पित्त' हे नाव देऊ नये. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. अशा वेळी रुग्णाला बसवावे, चालवू नये, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. ॲस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून घेण्यास सांगतात. परंतु ती डॉक्टरांना फोनवर विचारून द्यावी आणि तिच्यासाठी निघणे लांबवू नये. जिभेखालची गोळी ज्याची त्यालाच, तीही डॉक्टरांनी पूर्वी सांगितली असेल तरच. रुग्णालयात पोहोचताच इसीजी काढण्याचा आग्रह धरावा. पहिला इसीजी निर्दोष आला, तरी त्रास चालू असेल तर निरीक्षणाखाली राहावे.

ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी सामना पाहावा का? प्रकृती स्थिर असेल, औषधे नियमित चालू असतील, तर अवश्य पाहावा, पण एकट्याने पाहू नये. ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे किंवा थोड्या श्रमानेही छातीत दुखते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. त्या निवृत्त शिक्षकांना मी हेच सांगितले. त्यांच्या पत्नींना सांगितले, की त्यांना अंगणात पाठवू नका. एक तर अंगणात त्यांचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही.

आणि मुलांना त्या जागा न सोडण्याच्या नियमातून मोकळे करा. खेळावर जीव लावायला त्यांना अवश्य शिकवा. तासन् तास एका माणसाच्या एकाग्रतेकडे एकाग्रतेने पाहणे, हा मोठा संस्कार आहे. मला तो अण्णांनी दिला. पण आपल्या उठण्याने कोणी बाद होत नाही, हेही त्यांना वेळीच समजू द्या.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ऐंशी ओलांडलेली माझी आई आता माझ्याकडे असते. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, तरी ती जागी होती. शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना भारताच्या डावाची सुरुवात करीत असताना मला गटारातून चेंडू काढून देणारी आळीतली ती मुलगी आठवत होती. रात्र चढली. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वॉल्व्हार्ट शतक करून खेळपट्टीवर पाय रोवून उभी होती. सामना कोणत्याही बाजूला झुकू शकत होता. आई म्हणाली, "जरा पाणी देतेस का ग?"

मी उठले. स्वयंपाकघरात पेला भरत असतानाच बाहेर एकच ओरडा झाला. हातातून निसटू पाहणारा चेंडू अमनजोत कौरने अखेर पकडला होता, आणि वॉल्व्हार्ट १०१ वर बाद झाली होती. तो झेल मी घेताना पाहिला नाही. मी पेला घेऊन बाहेर आले, आईच्या समोर उभी राहिले आणि आधी तिचा चेहरा पाहिला. तो फुलला होता. तिने पाणी प्यायले, आणि मग आम्ही दोघींनी तो झेल पुनःप्रक्षेपणात पाहिला.

सामना आपण ५२ धावांनी जिंकला.